सुतळी, ओळंबा आणि हिरव्या आकड्यांची पावती

"अरे, काय चाललंय रे हे? गाडीला दृष्ट लागली म्हणून काही बांधतोयस का?"

रविवारी सकाळी साडेसातला सोसायटीच्या पार्किंगमधे तळमजल्यावरच्या काकांनी मला हा प्रश्न विचारला. काकांचा दोष नाही. मी जमिनीवर पालथा पडलो होतो, हातात गवंड्याचा ओळंबा होता, कानामागे खडू होता आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना लाइनदोरी ताणलेली होती.

"काका, अलाइनमेंट बघतोय."

"सुतळीने? अरे पाचशे रुपयांत होतं की! कॉम्प्युटरवर!"

हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत निदान पंधरा जणांकडून ऐकलंय. हपिसातल्या मित्रांकडून, मेव्हण्याकडून, आणि ज्यांच्याकडे स्वतःची गाडीही नाही अशा लोकांकडूनसुद्धा. 'पाचशे रुपयांत होतं की' आणि 'कॉम्प्युटरवर', या दोन मुद्द्यांवर माझं डोकं फिरतं, म्हणून हा लेखनप्रपंच. लेख जरा तिखट होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. आईबाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी ओलांडून पुढे आलो आणि डाव्या बाजूचं पुढचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी लावली, पुढे एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने टायर काढला, उलटा केला आणि आतली कड मला दाखवली. बाहेरून बघितलं तर टायरला चांगली नक्षी होती. आतल्या बाजूला मात्र बोटभर रुंदीचा पट्टा पार गुळगुळीत झाला होता आणि एके ठिकाणी तारा दिसत होत्या. तारा! आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी असा नियम आहे. इथे नक्षी तर सोडाच, रबरही संपलं होतं. त्याने उजवं चाक वळवून बघितलं. तिथेही तीच कथा. मग त्याने शांतपणे विचारलं, "अलाइनमेंट कधी केली होती?"

मी जरा ताठ मानेने ग्लोव्ह बॉक्स उघडला. त्यात चार पावत्या होत्या. वीस हजार किलोमीटरमधे, दर पाच हजाराला एक, न चुकता. चारही पावत्यांवर गाडीचं रंगीत चित्र, प्रत्येक चाकापुढे दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे, आणि सगळे आकडे हिरवे. शेवटच्या पावतीवर पुढच्या दोन चाकांचा एकूण 'टो' ०.०५ अंश.

पंक्चरवाल्याने पावती बघितली, टायर बघितला आणि काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं. कारण मागच्या सीटवर आई बसली होती, आणि त्या तारांच्या भरवशावर मी शंभरने गाडी आणली होती.

आता जरा मुळातून सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील.

दोन्ही पाय जुळवून उभे राहा आणि चवडे किंचित आत वळवा. याला टो-इन म्हणायचं. चवडे बाहेर वळवले की टो-आउट. गाडीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्या बाजूने मोजा आणि मागच्या बाजूने मोजा. दोन्ही सारखं असेल तर टो शून्य. पुढचं कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. बस्स, एवढंच आहे. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय का, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने बघता मागे किती कललाय, तो कॅस्टर. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि त्यात कॅम्बर-कॅस्टर बदलायला कंपनीने काही सोयच ठेवलेली नसते. पुढच्या चाकांचा टो मात्र बदलता येतो, टाय रॉडच्या आट्यांवर. म्हणजे तुम्ही 'कॉम्प्युटराइज्ड फोर व्हील अलाइनमेंट' म्हणून जे विकत घेता, त्यात प्रत्यक्ष फिरवल्या जातात त्या दोन सळ्या. (काही ठिकाणी स्ट्रटला हायड्रॉलिक जॅक लावून 'कॅम्बर काढून' देतात. म्हणजे स्ट्रट वाकवतात. हे कुणी सुचवलं तर गाडी घेऊन सरळ घरी यावं.)

आणि या टोमुळे टायरचं काय होतं? गणित सोपं आहे. माझ्या गाडीच्या टायरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या अंतरात ४ मिलिमीटरचा फरक असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दोन. म्हणजे चाक ६२० पुढे जाताना २ आडवं घासतं. एका किलोमीटरला ३.२ मीटर. वीस हजार किलोमीटरला चौसष्ट किलोमीटर! पुण्याहून लोणावळ्यापर्यंत टायर आडवा फरफटत न्या, म्हणजे जे होईल ते माझ्या टायरचं झालं होतं. टो-आउट असला की आतली कड जाते, टो-इन जास्त असला की बाहेरची. बाहेरची कड निदान दिसते तरी. आतली कड बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकावं लागतं, आणि वाकायची आपल्याला सवय नाही.

असो. पुण्यात परत आल्यावर पुढचे दोन टायर नवीन घातले (साडेनऊ हजार रुपये, धन्यवाद) आणि पावत्या घेऊन त्याच दुकानात गेलो. भांडायला नव्हे, बघायला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, आपले रस्तेच तसे आहेत." गाडी परत मशीनवर चढवली. यावेळी मी काचेच्या केबिनमधे न बसता बाजूला उभा राहिलो.

मुलाने चारही रिमना क्लॅम्प लावले. टायरमधली हवा कुणी तपासली नाही. चाक उचलून, हलवून टाय रॉडच्या टोकाला खेळ आहे का ते कुणी बघितलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवून रिमच्या वाकडेपणाची भरपाई यंत्राला करू द्यायची असते, ती पायरी त्याने बटण दाबून ओलांडली. मग पडद्यावर आकडे आले. त्याने खाली उतरून टाय रॉड थोडा फिरवला, आकडा लालाचा हिरवा झाला, प्रिंट निघाली. एकूण वेळ अकरा मिनिटं.

आता परत गणित. चौदा इंची रिमवर, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटरवर, क्लॅम्प जर एकच मिलिमीटर तिरका बसला तर चूक होते ०.१६ अंशांची. दोन्ही बाजूंनी एकाच दिशेची चूक झाली तर ०.३२. आणि हे यंत्र आकडा दाखवतं ०.०१ अंशापर्यंत! आपल्याकडे खड्ड्यात आपटून रिमची कड जरा वाकली नाही अशी गाडी दाखवा आणि शंभर रुपये मिळवा. यंत्र खोटं बोलत नाही हो. यंत्र उत्तमच आहे. पण त्याला खोटी माहिती दिली तर ते बिचारं तीच दोन दशांशांपर्यंत हिरव्या रंगात छापून देतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे काही नवीन नाही. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिली आणि टेस्ट पास होईपर्यंत टेस्टच बदलली, की रिपोर्ट हिरवाच येतो. तरीही शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन पडतं ते पडतंच.

घरी आलो आणि पुढच्याच रविवारी स्वतः मोजलं. कसं, ते सविस्तर सांगतो, कारण 'घरी होत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी कुणीच करून बघितलेलं नसतं.

साहित्य: पाच मीटरचा स्टीलचा टेप, ओळंबा, खडू, हवा मोजायचा गेज, आणि पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब. एकूण खर्च अलाइनमेंटच्या दोन वेळच्या बिलाहून कमी.

आधी जागा. लेव्हल ट्यूबने चार चाकांखालची जमीन बघितली. आमच्या पार्किंगमधे एका कोपऱ्यात ती चांगली सपाट निघाली. मग ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी हवा, गाडी थंड असताना. मग खेळ. पुढचं एकेक चाक उचललं, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. खडखडलं तर तिथेच थांबायचं, कारण टोक सैल असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकते. माझ्या गाडीत खेळ नव्हता.

मग चाक खाली. मोजमाप नेहमी चाकांवर वजन असताना करायचं, कारण जॅकवर सस्पेन्शन लोंबतं आणि टो बदलतो. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी दोन-तीन मीटर हाताने पुढे ढकलली आणि चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवून थांबवली. आता दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, नक्षीच्या मधोमध खडूने एकेक बारीक खूण. त्या खुणेपासून ओळंबा सोडला आणि जमिनीवर फुली मारली. दोन्ही फुल्यांमधलं अंतर टेपने मोजलं. १४२१ मिलिमीटर.

मग गाडी अर्धा फेरा, म्हणजे साधारण ९७ सेंटिमीटर, पुढे ढकलली. त्याच खुणा आता चाकाच्या पुढच्या बाजूला आल्या. परत ओळंबा, परत फुल्या, परत टेप. १४२५.

यातली गंमत लक्षात आली का? दोन्ही वेळा टायरवरचा बिंदू तोच आहे. त्यामुळे रिम वाकडी असो की टायर वाकडा असो, तो वाकडेपणा दोन्ही मापांत सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. दुकानातली जी पायरी बटण दाबून ओलांडली होती, ती इथे टाळताच येत नाही. कसलाही कॉम्प्युटर नसताना!

चार मिलिमीटर टो-आउट. विश्वास बसेना म्हणून सगळं पुसून पुन्हा केलं. पाच. तिसऱ्यांदा चार. म्हणजे माझ्या पद्धतीत एखाद्या मिलिमीटरची चूक आहे हे मान्य. ६२० च्या व्यासावर एक मिलिमीटर म्हणजे ०.०९ अंश. पण मला ती चूक केवढी आहे हे माहीत आहे, कारण मी तीनदा मोजलंय. दुकानाच्या ०.०५ च्या मागे केवढी चूक आहे, हे तुम्ही कधी विचारलंत? मी चार वेळा नाही विचारलं. चार मिलिमीटर म्हणजे ०.३७ अंश. पावतीवर ०.०५. कोण खरं? साक्षीदार माझ्याकडे होते: दोन जुने टायर, दोघांचीही आतली कड खाल्लेली.

आता फिरवाफिरवी. माझ्या गाडीत टाय रॉड आसाच्या मागे आहे, त्यामुळे तो लांब केला की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि टो-इन होतो. (तुमच्या गाडीत तो आसाच्या पुढे असेल तर सगळं उलट. आधी वाकून बघा.) आट्यांचा एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर आणि स्टिअरिंगची भुजा साधारण १२५ मिलिमीटर धरली, तर पाव फेऱ्याला एका चाकाचा टो १.९ मिलिमीटरने बदलतो. म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त पाव-पाव फेरा! साडेनऊ हजारांचे टायर आणि आईबाबांचा जीव त्या पाव फेऱ्यात अडकला होता.

फिरवण्याआधी रॉडवर आणि लॉक नटवर बायकोच्या नेलपेंटने एक सरळ रेघ मारली, म्हणजे किती फिरवलं ते दिसतं आणि हवं तेव्हा मूळ जागी परत येता येतं. रबरी बुटाची क्लिप सैल केली, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जाऊन फाटतो. लॉक नट सैल केला, डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा. गाडी थोडी पुढे ढकलून टायर मोकळे केले आणि परत मोजलं.

चार. जसेच्या तसे!

पाच मिनिटं डोकं धरून बसलो. मग नेलपेंटची रेघ बघितली आणि उजेड पडला. उजव्या बाजूला मी रॉडच्या दुसऱ्या अंगाने पाना लावला होता, त्यामुळे रॉड उलटा फिरला. एका चाकाचा टो वाढला, दुसऱ्याचा तेवढाच कमी झाला. बेरीज तीच, वर स्टिअरिंग वाकडं. उजवा रॉड अर्धा फेरा योग्य दिशेला फिरवला, पुढे ढकललं, मोजलं. शून्य. परत मोजलं, एक टो-इन. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. बाजूच्या लाइनदोऱ्यांवरून दोन्ही चाकं मागच्या चाकांशी सरळ आहेत हेही बघितलं. मग लॉक नट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळले, रिकाम्या रस्त्यावर हळू एक चक्कर, आणि पुढच्या रविवारी परत मोजणी. आकडा जागेवर होता.

चूक झाली हे मी मुद्दाम लिहिलं, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. "बघ, म्हणूनच हे एक्स्पर्टचं काम आहे. स्टिअरिंग म्हणजे जिवाशी खेळ." मान्य, स्टिअरिंग म्हणजे जिवाशी खेळ. लॉक नट सैल राहिला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. ज्याला पाना धरायची सवय नाही, आट्यांची पकड किती उरली हे कळत नाही, त्याने फिरवू नये. पण मोजण्यात कसला जीव जातो? ओळंब्याने आजवर कुणाचा अपघात झाला नाही. माझी चूक मला दहा मिनिटांत सापडली, कारण मी फिरवल्यावर मोजलं. दुकानातली चूक मला वीस हजार किलोमीटरनंतर, एका पंक्चरवाल्याने दाखवली. आता जिवाशी खेळ कोणता होता ते तुम्हीच ठरवा.

दुसरा आक्षेप आमच्या आयटी जमातीचा लाडका. "तुझ्या तासाचा रेट काय? रविवारचे चार तास घालवून पाचशे वाचवलेस!" अरे बाबांनो, रविवारी सकाळी कुठला क्लायंट मला तासाचे पैसे देतो? त्या चार तासांत मी मोबाईलवर दुसऱ्यांच्या गाड्यांचे व्हिडिओच बघितले असते. आणि पाचशे कुठले, साडेनऊ हजार म्हणा. शिवाय आता सरावाने निव्वळ मोजणी अर्ध्या तासात होते.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. घरी सगळं होत नाही. कॅस्टर नीट मोजायला साधनं लागतात. मागची चाकंही समायोजित होणाऱ्या गाड्या असतात, तिथे काम वाढतं. नव्या गाड्यांमधे काचेमागे कॅमेरा आणि स्टिअरिंगला कोन मोजणारा सेन्सर असतो, अलाइनमेंटनंतर त्यांचं कॅलिब्रेशन लागू शकतं, आणि ते सुतळीने होणार नाही. अपघातात सस्पेन्शन वाकलं असेल तर चांगल्या वर्कशॉपला पर्याय नाही. यंत्र फेकून द्या असं मी म्हणतच नाहीये. यंत्रावरचा आकडा खरा की खोटा हे आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि हे आपल्याला कळू शकतं! यात कळण्यासारखं अवघड काय आहे? वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, ही भूमिती म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने १८१७ साली घोडागाड्यांसाठी मांडली, आणि १८१८ साली ॲकरमनने इंग्लंडमधे तिचं पेटंट घेतलं. वर्कशॉपमधे टो मोजायला एक दांडा आणि त्याला दोन टोकदार काटे असलेलं ट्रॅमल गेज पुरत असे. माझ्याकडे मेकॅनिकलची पदवी आहे (आणि पोटापाण्यासाठी जावा). डेव्हिस आणि ॲकरमन स्टिअरिंग गिअर मी 'थिअरी ऑफ मशीन्स'मधे पाठ केले, आकृती काढली, मार्क मिळवले. पण स्वतःच्या गाडीखाली ती भुजा पुढे आहे की मागे, हे पहिल्यांदा बघितलं ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तारा निघालेला टायर बघितल्यावर. आणि मी एकटा नाही. माझ्या टीममधे सात इंजिनियर आहेत. एकाने स्टेपनी बदलली आहे.

म्हणून दुकानातल्या त्या मुलावर मला राग काढायचा नाही. त्याला गाडीमागे दहा मिनिटं मिळतात, बाहेर चार गाड्या हॉर्न वाजवत असतात, आणि गिऱ्हाईक विचारतं ते एकच, "झालं का? हिरवं आलं का?" आपल्याला हिरवं हवं होतं, त्याने हिरवं दिलं. हवा तपासलीस का, खेळ बघितलास का, आधीचा आकडा किती होता, असं एकदा जरी कुणी विचारलं असतं, तर ती पायरी ओलांडायचं बटण त्याने इतक्या सहज दाबलं नसतं. राग यायला हवा तो काचेच्या केबिनमधे बसून मोबाईल बघणाऱ्या आपल्या सारख्यांचा. विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल, ही भीती. इंजिनियरला ती जरा जास्तच असते.

तेव्हा मंडळी, फार काही करू नका. या विकांताला स्टिअरिंग पूर्ण वळवा, खाली वाका आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर समजा की टो बिघडलाय. मग टेप आणि ओळंबा काढा आणि फक्त मोजा. आकडा पावतीच्या मागे लिहून ठेवा. फिरवायचं धाडस नसेल तर तो आकडा घेऊन दुकानात जा, हवा आणि खेळ तपासून घ्या, क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवायला सांगा, 'आधीचा' आणि 'नंतरचा' असे दोन्ही आकडे छापून मागा, आणि घरी येऊन परत मोजा.

जाता जाता काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी ते खाली आले, जरा इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आमच्या गाडीचं पण बघतोस का रे जरा? नाही म्हणजे, सहज." दोघांनी मिळून गाडी ढकलली. ओळंबा त्यांनीच धरला, हात माझ्यापेक्षा स्थिर निघाला. पुढे १४३२, मागे १४३२. काकांच्या दुकानदाराने काम चोख केलं होतं!

काकांना वाटलं मी हिरमुसलो असेन. छे! मी त्यांच्याकडून त्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला.